देवावर सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलंय. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या यजमानांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. समजतं सगळं, पण काही सांगायला गेले की तोंडातून एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो. घरात सासूबाई आहेत, दहावीतला मुलगा आहे, आणि ताई रोज लोकलने सीएसएमटीला कामावर जातात. माहेर वारकऱ्यांचं, त्यामुळे संध्याकाळी हरिपाठ म्हणायचा नेम लहानपणापासूनचा. त्या लिहितात, "आता देव्हाऱ्यासमोर बसले की एक तर झोप येते, नाहीतर राग येतो. तीन महिने हरिपाठ झाला नाही. नेम मोडल्याचं पाप लागेल का? सासूबाई नवस बोलायला सांगतात, शेजारीण अंगारा आणून देते. जो येतो तो म्हणतो, देवावर सोड. सोडायचं म्हणजे मी काय करायचं, हे कोणीच सांगत नाही."

ताई, आधी पापाचं बोलू, कारण तेच तुमच्या मनात जास्त रुतलेलं दिसतं. पाप लागत नाही. हरिपाठाची पहिलीच ओळ आठवा, 'देवाचिये द्वारी उभा क्षणभरी'. ज्ञानोबांनी तिथे घटका म्हटलेली नाही, प्रहर म्हटलेला नाही, क्षण म्हटलाय. आंघोळ करून, मन एकाग्र करून, सगळे अभंग चालीत पुरे करून, असंही काही त्या ओळीत नाही. रात्री घरी आल्यावर चपला काढता काढता तुमची नजर देव्हाऱ्याकडे जात असेलच. तेवढं उभं राहणं त्यात धरलेलं आहे. हे मी तुमचं मन राखायला सांगत नाही. पस्तीस वर्षं कीर्तन करतोय, त्या ओळीचा अर्थ मला असाच लागतो.

आता 'देवावर सोड'. हे शब्द मी कीर्तनात शेकडो वेळा उच्चारले असतील, पण त्यांचा अर्थ मला पोथीतून कळला नाही. सतरा वर्षांचा असताना, लालबागला आमच्या चाळीत कळला.

माझे वडील घाटावरचे, साताऱ्याकडचे. कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही महिने चाळीत जोर होता. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या सभांना वडील चालत जायचे. मग वाण्याने उधारी बंद केली, आईची बोरमाळ गहाण पडली, खोलीतले दोन भाऊबंद गावी निघून गेले. वर्ष सरत आलं तोवर वडील बोलेनासे झाले होते. रात्र रात्र गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे असायचे. सकाळच्या पाळीच्या भोंग्यावर पंचवीस वर्षं उठलेला माणूस. भोंगा वाजत नव्हता तर त्यांना झोपच येत नव्हती.

चाळीच्या पटांगणात दर मार्गशीर्षात सप्ताह बसायचा. त्याही वर्षी बसला; वर्गणी मात्र पैशांऐवजी तांदूळ-डाळीत गोळा झाली. सप्ताहात सात दिवस नाम अखंड चालतं आणि वीणा जमिनीला टेकवायची नसते. ती कोणाच्या तरी गळ्यात असायलाच हवी. त्यासाठी पहारे लावतात, दोन दोन तासांचे. फळ्यावर खडूने नावं लिहिलेली असतात. वडिलांचा पहारा वर्षानुवर्षं रात्री दोन ते चारचा, कारण तो कोणालाच नको असायचा.

तिसऱ्या रात्री मी चहाची किटली घेऊन खाली गेलो होतो. वडील वीणा घेऊन उभे होते. बोट तारेवर फिरत होतं, आवाज येत होता, पण ओठ मिटलेले. 'रामकृष्णहरी' तोंडातून निघत नव्हतं. पोटऱ्या थरथरताना मला धोतराखालून दिसत होत्या. समोर टाळ घेऊन दोघंच बसलेले, त्यातला एक पेंगलेला. दुसरे आमच्याच मजल्यावरचे एक म्हातारे बुवा. ते थोडा वेळ बघत राहिले, मग टाळ ठेवून उठले. वडिलांच्या पाया पडले. वडील त्यांच्या पाया पडले. बुवांनी वीणा वडिलांच्या गळ्यातून काढून आपल्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "तुझा पहारा झाला. जा, नीज."

घड्याळात अडीच वाजले होते. दीड तास शिल्लक होता, आणि तो बुवांनाही दिसत होता.

वडील वर खोलीत गेले नाहीत. मांडवाच्या कडेला सतरंजीवर आडवे झाले आणि ऊन अंगावर येईपर्यंत झोपले. काकडा झाला, टाळ-मृदंग वाजले, तरी हलले नाहीत. आई खाली आली, अंगावर चादर टाकून तिथेच बसली आणि उठवायला येणाऱ्या प्रत्येकाला हाताने परतवत राहिली.

पुढे सगळं सुधारलं असं मी सांगणार नाही. वडिलांची गिरणी त्यांना परत मिळाली नाही, त्यांनी पुढची वर्षं वॉचमनची नोकरी केली. पण त्या रात्री त्यांच्याकडून होत नव्हतं ते त्यांच्यावाचून चालू राहिलं, आणि ते कानावर पडत असताना त्यांना झोप लागली. मला माहीत असलेलं देवावर सोडणं हे आहे. ताई, तुम्ही आठ महिने एकटीने एकच पहारा देताय.

मी दर शनिवारी दादर-परळ भागात बाहेरगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांबरोबर बसतो. कॅन्सरच्या उपचारांसाठी माणसं विदर्भातून, कोकणातून, पार बिहारमधून येतात आणि महिनोन्‌महिने इथे राहतात. त्यांच्याकडून एक गोष्ट शिकलो. कामाने माणूस दमतो, पण मोडतो तो वेगळ्याच ओझ्याने. औषधाची वेळ पाळणं, कूस बदलून देणं म्हणजे पाठीला जखम होणार नाही, व्यायाम करून घेणं, मुलाची फी भरणं, ही तुमची कामं. ती देव येऊन करणार नाही, आणि त्याच्यावर सोडायचीही नाहीत. पण हात पुन्हा उठेल का, कधी उठेल, वाचा किती येईल, हे तुमच्या हातात नाही. डॉक्टरांच्याही पूर्ण हातात नाही. तरी रात्री बारा वाजता तुम्ही पडल्या पडल्या तेच उचलत असाल. सोडायचं आहे ते एवढंच. दिवसाचं काम ठेवा, निकाल त्याच्याकडे द्या.

कसं द्यायचं? शनिवारच्या लोकांना मी एक वाक्य देतो. रात्री दिवा मालवताना, ओठ हलवून, आवाज काढून म्हणायचं: 'आजचं मी केलं. उद्याचं तुझ्याकडे.' भाव दाटून यायची वाट बघू नका. वडिलांच्या तोंडून नाम निघत नव्हतं तेव्हाही त्यांचं बोट तारेवर फिरत होतं, आणि बुवांनी तेवढं पाहूनच वीणा घेतली. पहिल्या रात्री हे वाक्य कोरडं वाटेल, कदाचित खोटंही वाटेल. तरी म्हणा. दोन-तीन आठवड्यांनी बरेच जण मला सांगतात की बळ काही आलं नाही, पण रात्री कोणीतरी जागं आहे असं वाटतं. श्रद्धा असली की बळ येतंच असं व्यासपीठावरून सांगणारे माझेच व्यवसायबंधू आहेत. मला ते पटत नाही. अशक्तपणा पुष्कळदा तसाच राहतो. त्यात माणूस एकटा राहत नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

आता राग. तुम्हाला त्याची लाज वाटतेय. मी तुम्हाला तुकोबांचे शब्द दाखवतो: 'माझे लेखी देव मेला'. आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेतलेल्या माणसाने हे म्हटलंय, आणि वारकऱ्यांनी ते गाथेतून गाळलं नाही, गात आले. जनाबाईने तर देवाला 'कारट्या' म्हटलंय. आपल्या परंपरेत देवाशी भांडायला मुभा आहे, आणि भांडणारे संतच आहेत. तेव्हा राग आला तर देव्हाऱ्यापासून उठून जाऊ नका. मुलगा क्लासला आणि सासूबाई देवळात गेल्या की मोठ्याने बोला. 'का केलंस' म्हणा. रडू आलं तर येऊ द्या. त्या दिवसाचा हरिपाठ तोच.

याच्या जोडीला एक सावधगिरी, आणि ही मी भेटायला येणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. 'बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली' ही तुकोबांची ओळ दुःखात असलेल्या माणसाला कृपा करून ऐकवू नका. १६३०च्या सुमाराच्या त्या दुष्काळात तुकोबांचा व्यवसाय बुडाला, पहिली बायको अन्न-अन्न करत गेली. त्यातून बाहेर आल्यावर ते स्वतःच्या दुःखाबद्दल हे म्हणाले. त्यांना तो अधिकार होता. सोफ्यावर बसून, चहा पिता पिता, दुसऱ्याच्या बायकोला 'देव परीक्षा बघतोय, यात तुझं भलंच आहे' म्हणायचा अधिकार तुम्हाआम्हाला नाही. मी तरुणपणी हे केलं आहे. एका विधवा बाईला दहाव्याच्या प्रवचनात ही ओळ लावून दाखवली होती. ती मान खाली घालून ऐकत राहिली आणि नंतर पुन्हा कधी आमच्या भजनाला आली नाही. ती मान अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

नवसाबद्दल विचारलंय. मुंबईतला माणूस अडचणीत सगळी दारं ठोठावतो. मंगळवारी सिद्धिविनायक, बुधवारी माहीमच्या चर्चमधली नोव्हेना प्रार्थना, बांद्र्याला माउंट मेरीच्या पायऱ्यांवर विकत मिळणारे मेणाचे हात-पाय. मी कोणालाही हसत नाही. मेणाचा हात घेऊन रांगेत उभी असलेली बाई काय मागतेय हे मला माहीत आहे. सासूबाईंना आपल्या मुलासाठी काही तरी करायचंय, तर त्यांना करू द्या. पण तुम्ही रविवारची एकुलती एक झोप मोडून रांगेत उभं राहू नका, आणि नवस फेडायला कर्ज तर मुळीच काढू नका. देणं-घेणं ठरवून देव मदत करत असता, तर पैसेवाल्यांच्या घरी कोणी आजारी पडलंच नसतं.

अंगाऱ्याचं थोडं कठोर बोलतो. कपाळाला लावायला हरकत नाही. पोटात द्यायचा नाही, आणि त्याच्यासाठी औषधाची एकही गोळी चुकवायची नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालं, शब्द अडखळायला लागले, आणि घरचे संध्याकाळपर्यंत बाहेरचं काही लागलं म्हणून माणूस शोधत बसले. रक्ताच्या गुठळीने आलेल्या झटक्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत देता येतं. ते तास गेले. पुन्हा कोणाला तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं असं दिसलं, तर १०८ला फोन करा. नाम घ्यायचं ते ॲम्ब्युलन्समध्ये बसून घ्या.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. माझ्या वडिलांची वीणा बुवांनी काढून घेतली, विठोबा स्वतः उतरून आला नव्हता. किंवा आला होता तो बुवांच्या रूपाने, तुम्ही काय म्हणाल ते. गाडगेबाबा मला याच कारणासाठी सगळ्यांहून जवळचे वाटतात. गावोगाव कीर्तन केलं, मिळालेल्या पैशांतून देऊळ बांधलं नाही, धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाची जी धर्मशाळा आहे तिथे आजही कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं उतरतात. परळच्या फुटपाथवर पथारी टाकलेल्या माणसाला आधी छप्पर लागतं, निरूपण त्यानंतर, हे त्या कीर्तनकाराला माझ्याहून फार आधी कळलं होतं.

तेव्हा देवाकडे मदत मागायची आणि माणसांनी पुढे केलेला हात 'नको, मी बघते' म्हणून परत करायचा, हे जुळत नाही. तुम्ही असंच करत असणार, तुमच्या पत्रावरून दिसतंय. 'काही लागलं तर सांग' म्हणणाऱ्यांना खरंच सांगा, आणि नेमकं सांगा. शेजारणीला म्हणा, अंगारा नको, मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सात ते आठ यांच्यापाशी बसा. दिराला म्हणा, महिन्यातल्या दोन शनिवारी रात्री तुम्ही झोपायला या. सात दिवसांचा फळा करा आणि खडूने नावं लिहा, सप्ताहासारखी. दहावीतल्या मुलाचंही नाव त्यात असू द्या, अर्ध्या तासासाठी. त्याला टाळून तुम्ही त्याला वाचवत नाही आहात; वडिलांच्या जवळ जायचं त्याला भय वाटतंय, ते तसंच राहतं.

हरिपाठाचाही पहारा दुसऱ्याला द्या. माहेरी आई किंवा भावजय म्हणत असेल तर सांगा, काही दिवस माझ्या नावचा तुम्ही म्हणा. वारकऱ्याला याचं कारण विचारावं लागत नाही. आणि मध्य रेल्वेच्या सकाळच्या गाड्यांत भजनी मंडळं असतात, बायकांच्या डब्यातही. टाळ असतात, डब्याच्या पत्र्यावर हाताने ठेका असतो. तुमच्या वेळेच्या गाडीत असं मंडळ आहे का ते पाहा आणि त्यांच्या जवळची जागा धरा. म्हणू नका, नुसत्या बसा. ठाणे यायच्या आत झोप लागली तर झोपा. कीर्तनात माझा आवाज फुटतो तेव्हा मागचे टाळकरी ओळ उचलतात आणि मी एक श्वास घेतो. श्रोत्यांच्या ते लक्षातही येत नाही. ती सोय मुळात त्यासाठीच आहे.

बसलं की झोप येते म्हणालात, ती बहुतेक नुसती थकव्याची झोप आहे. पण उलट व्हायला लागलं, म्हणजे झोप उडाली, जेवण जाईना, सगळं संपवून टाकावं असं एकदाही मनात आलं, तर ती भक्ती कमी पडल्याची खूण समजू नका. ते दुखणं आहे आणि त्यावर औषध आहे. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. यजमानांकडेही याच नजरेने बघा. झटक्यानंतर माणसाला नैराश्य येणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्यांना ते बोलून दाखवता येत नाहीये. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

शेवटी एक गोष्ट करून बघायला सांगतो. आमच्या भजनातल्या एका पखवाजवाल्याचंही असंच झटक्याने उजवं अंग गेलं होतं. बायकोचं नाव येईना, पाणी म्हणता येईना. मी भेटायला गेलो आणि काय बोलावं सुचेना म्हणून हळूच 'विठ्ठल विठ्ठल'ची चाल धरली, तर दुसऱ्या आवर्तनाला तो शब्द त्याच्या तोंडून स्पष्ट आला. घरातले हात जोडून रडायला लागले. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी नंतर समजावलं, की बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजवं अंग जातं तेव्हा तीच बाजू दुखावलेली असते. सूर सांभाळायला उजवी बाजू मोठी मदत करते, म्हणून बोलता न येणाऱ्या काही जणांना पाठ असलेलं गाता येतं. सगळ्यांना येतं असं नाही, आणि गाता आलं म्हणजे लगेच बोलता येईल असंही नाही. पण ही उपचाराची एक रीतही आहे, तुमच्या वाचा-उपचार तज्ज्ञांना जरूर विचारा.

तोवर घरी एवढं करा. संध्याकाळी, टीव्ही बंद करून, त्यांना उशीला टेकवून बसवा. त्यांचा चांगला असलेला डावा हात तुमच्या हातात घ्या आणि मांडीवर हळूहळू ठेका धरा. त्यांना लहानपणापासून जे पाठ असेल तेच घ्या, आरती असो, भजन असो, हरिपाठ असो. चाल संथ ठेवा, त्यांनी तुमच्या तोंडाकडे बघायला हवं. ओळीतला शेवटचा शब्द तुम्ही म्हणू नका. ठेका चालू ठेवून थांबा. तो शब्द त्यांना घेऊ द्या. नाही आला तर घाई करू नका, स्वतः म्हणा आणि पुढची ओळ उचला.